सालबाईचा जामीनदार

झाशी सोडून गाडी ग्वाल्हेरकडे निघाली की डबरा नावाचं स्टेशन लागतं. बहुतेकांची तेव्हा सामान आवरायची गडबड सुरू असते. मी मात्र खिडकीशी बसून होते, कारण याच डबऱ्याच्या बाजूला सालबाई आहे. १७ मे १७८२ रोजी तिथे महादजी शिंद्यांच्या छावणीत पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपलं. मी ठाण्याची. त्या तहात वसई पेशव्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. म्हणजे वांद्रे, कुर्ला, बोरिवली, ठाणे हा सगळा पट्टा, जिथून आज लोकल धावतात. ठाण्याचा किल्ला, जिथे आता कारागृह आहे, इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतला होता. तो गेला तो गेलाच, यावर शिक्का बसला तो इथे, मोहरीच्या या रानात.

ग्वाल्हेरला मावशीकडे जायचं हे निमित्त होतं. पण गेली काही वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या शस्त्रसंधीची बातमी वाचायची, आणि पुढच्या आठवड्यात ती मोडल्याचीही, याने जीव विटला होता. कुणी सही करतं, हात मिळवतं, फोटो निघतात, आणि बॉम्ब पडतच राहतात. सालबाईचा तह मात्र वीस वर्षं टिकला. इंग्रज आणि मराठे यांच्यात १७८२ नंतर लढाई झाली ती थेट १८०३ साली. इतक्या अविश्वासाच्या काळात तो का टिकला असेल, हे मला त्या जागी जाऊन पाहायचं होतं.

मावशीचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, तो उठलाच नाही आणि त्याचंच शहर झालं. महाराज बाड्यावर उभं राहिलं की बँक, टपाल कचेरी, जुना छापखाना अशा शिंद्यांच्या काळातल्या इमारती गोलाकार दिसतात. आतल्या गल्ल्यांत शितोळे, आंग्रे, फाळके अशा सरदार घराण्यांची नावं अजून कानावर येतात. काकांचे पूर्वज सातारा भागातून शिलेदार म्हणून आले आणि इथलेच झाले. काका एजी ऑफिसातून (महालेखापालांच्या कार्यालयातून) निवृत्त झाले आहेत. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच हिंदी क्रियापद येतं आणि मग एखादा असा जुना शब्द येतो, जो ठाण्यात माझ्या आजीनंतर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. थंडीचे दिवस होते. मावशीने मुरैन्याची गजक आणि गरम दूध पुढे ठेवलं आणि म्हणाली, "आधी खा, मग तुझे तह."

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. उरवाई दरवाजाच्या बाजूने गाडी चढते आणि दोन्ही अंगांना कातळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. बाबराच्या हुकमाने त्यांची तोंडं फोडली गेली, नंतर काहींवर चुन्याने नवे चेहरे बसवले गेले. मानमंदिराच्या निळ्या फरश्या, गुजरी महाल वगैरे सगळं पाहण्यासारखंच आहे, पण त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थांबत नाही. मला पाहायचा होता तो कडा. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन पॉपमच्या तुकडीने, ब्रूस नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, शिड्या लावून हा किल्ला घेतला. आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांना कापूस बांधला होता. वरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. पुढच्या वर्षी कॅमॅक या इंग्रज अधिकाऱ्याने रात्रीचा छापा घालून खुद्द महादजींच्या छावणीचं मोठं नुकसान केलं. म्हणजे महादजी मध्यस्थ झाले तेव्हा ते काही विजयाच्या उंचीवरून बोलत नव्हते. त्यांनाही लढाई थांबायला हवी होती.

आणि इंग्रजांना तर फारच हवी होती. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला म्हैसूरच्या हैदरअलीने बेलीच्या हाताखालची इंग्रज फौज संपवली होती. १३ ऑक्टोबर १७८१ ला महादजींनी कर्नल म्यूरशी वेगळा समझोता केला आणि पेशव्यांशी तह जुळवून द्यायचं कबूल केलं. त्यानंतर सहाच दिवसांनी अमेरिकेत यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनपुढे शस्त्रं ठेवली. अर्थात ती बातमी इथे पोचायला कित्येक महिने लागले असणार. पण एकच साम्राज्य एकाच वेळी अटलांटिकपलीकडे, कर्नाटकात आणि माळव्यात लढत होतं, फ्रेंच आरमारही कोरोमंडलच्या किनाऱ्याकडे येत होतं, आणि सगळीकडचा पैसा एकाच थैलीतून जात होता. सालबाई आपल्या शाळेच्या पुस्तकात चार ओळींत उरकतात. मला ती त्या वर्षांच्या जगभरच्या उलथापालथीचा भाग वाटते.

किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. गुरू हरगोबिंदांना जहांगीराने इथे कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला तेव्हा त्यांनी एकट्याने बाहेर पडायला नकार दिला आणि सोबतच्या ५२ राजांनाही सोडवून नेलं, अशी परंपरा सांगते. लंगरमध्ये आम्ही जेवलो. शेजारी फिरोजपूरहून आलेलं कुटुंब होतं. कैद्यांची सुटका हा कुठल्याही तहाचा सर्वांत खरा भाग, असं मला तिथे बसून वाटलं. मे २०२५ मध्ये इस्तंबूलच्या बोलण्यांतून रशिया-युक्रेनमध्ये काही टिकाऊ निघालं नाही, पण दोन्हीकडचे एकेक हजार कैदी घरी गेले. त्या दोन हजार घरांपुरती ती चर्चा यशस्वी झाली, आणि हे यश मी कमी लेखणार नाही.

सालबाईला काकांसोबत भाड्याच्या गाडीने गेले. झाशीचा महामार्ग उत्तम आहे. सकाळी दाट धुकं होतं, ड्रायव्हर मागचे दिवे चालू ठेवून हळूहळू नेत होता. डबऱ्याच्या अलीकडे धुकं विरलं आणि दोन्ही बाजूंना पिवळी मोहरी, मध्ये गव्हाचे हिरवे चौकोन दिसू लागले. फाळणीनंतर आलेल्या शीख शेतकऱ्यांची घरं या पट्ट्यात आहेत. एका लढाईने उठवलेली माणसं दुसऱ्या लढायांनी तुडवलेल्या जमिनीत रुजली आणि त्यांनी ती पिकवली. युद्धानंतरची उभारणी म्हणतात ती ही, आणि तिच्यासाठी कुणी परिषद भरवली नव्हती.

गावात मला तहाची काही खूण दिसली नाही. ते साहजिकच आहे. तह झाला तो छावणीत, तंबूत. डेव्हिड अँडरसन कंपनीचा वकील म्हणून महिनोन्‌महिने महादजींच्या गोटात राहिला, बोलणी झाली, आणि मग डेरे उठले. पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "मराठों की कुछ लिखा-पढ़ी हुई थी यहाँ, इतना सुना है." मग त्यांनी काकांना कुठले, काय करता, मुलं किती हे विचारून घेतलं आणि चहा मागवला. गावकऱ्यांना त्या दिवसाशी देणंघेणं नसावं, यात मला काही वावगं वाटलं नाही. तहाची सतरा कलमं मी जाताना सोबत घेतली होती. राघोबादादांना महिना पंचवीस हजार रुपये द्यायचे हे त्यात आहे. गायकवाडांचा मुलूख, इतर युरोपीय वखारींना मनाई, व्यापाराच्या सवलती, सगळं आहे. ज्यांच्या शेतातून फौजा गेल्या त्या रयतेबद्दल मला एक ओळही सापडली नाही. पुढच्याच वर्षी, संवत १८४० मध्ये, उत्तर हिंदुस्थानात चालिसाचा भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नव्हता हे खरं, पण वर्षानुवर्षं घोडदळाच्या चाऱ्याला आणि फौजेच्या पोटाला पुरवून पुरवून रिकामी झालेली गावं त्या दुष्काळाला कशी तोंड देणार होती?

या बाबतीत जग खरोखर पुढे गेलं आहे, आणि ते मान्य करायला हवं. बॉस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात तिथल्या निर्वासितांना आपल्या मूळ घरी परतण्याचा हक्क देणारं एक संपूर्ण परिशिष्ट आहे. तो हक्क सगळ्यांना मिळाला नाही, अनेकजण परतलेच नाहीत. तरी तो कागदावर होता म्हणून मागता आला. तिथल्याच मोस्तार शहरातला सोळाव्या शतकातला दगडी पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफा डागून नदीत पाडला गेला, तो तिथल्याच दगडात पुन्हा बांधून जुलै २००४ मध्ये खुला झाला. हेगच्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोपपत्रं ठेवली. पूल लवकर बांधून होतो, न्यायाला वेळ लागतो, आणि शेजाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊन बसायला त्याहून जास्त.

पण मी ज्या कलमासाठी सालबाईला गेले ते सोळावं. त्यात पेशवे आणि कंपनी दोघांनी महादजींना तहाचा जामीनदार नेमलं आहे. दोघांपैकी जो कोणी करार मोडेल त्याच्याविरुद्ध महादजी दुसऱ्याच्या बाजूने उभे राहतील आणि मोडणाऱ्याला ठिकाणावर आणतील, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पारावर बसून मी ते काकांना वाचून दाखवलं. पाटीलबाबा, म्हणजे महादजी, स्वतः पेशव्यांचे सरदार, म्हणजे एका पक्षाचा माणूस दोन्ही पक्षांचा जामीन. हे मला आधी विचित्र वाटलं होतं.

काका म्हणाले, "विचित्र काय त्यात? ज्याचं काही जाणार नाही, त्याच्या जामिनाला काय किंमत? आमच्या ऑफिसात सोसायटीच्या कर्जाला जामीन राहायचो, तेव्हा पहिला प्रश्न हाच असायचा, हप्ता चुकला तर याच्या पगारातून कापता येईल का."

यावर आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलत होतो. महादजींचं काय पणाला लागलं होतं? एक तर भडोच त्यांना मिळत होतं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आलेल्या इंग्रजांशी ते माणुसकीने वागले, त्याबद्दल कंपनीने ते दिलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना उत्तरेत हात मोकळे हवे होते. तहानंतर त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला परत घेतला, १७८४ मध्ये बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी मुखत्यार, हे पद मिळवलं, डी बॉइन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. तह मोडला असता तर यातलं काहीच झालं नसतं. शांततेत त्यांचा स्वार्थ होता आणि ती राखण्याइतकी फौजही होती. हे दोन्ही एकत्र असणं फार दुर्मीळ.

५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेनने सुमारे १९०० दूरपल्ल्याची अण्वस्त्रं सोडायचं मान्य केलं. बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी त्याच्या सीमांचा आदर राखण्याचं वचन दिलं. २०१४ मध्ये त्यांपैकी एकाने क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये फौजाच घुसवल्या. त्या कागदात सोळाव्या कलमासारखं काही नव्हतं. वचन मोडलं तर बाकीच्यांनी काय करायचं, तर सुरक्षा परिषदेकडे दाद मागायची आणि आपसांत विचारविनिमय करायचा. आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वचन मोडणाऱ्याच्याच हातात. स्रेब्रेनिकाला तर संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि तैनात असलेले मोजके डच सैनिक ते थांबवू शकले नाहीत. ज्याच्या मागे बळ नाही अशी हमी देणं हा मी अपराध मानते, कारण तिच्यावर विसंबून माणसं पळून जायची थांबतात. त्यानंतर काही महिन्यांनी डेटन झालं आणि सुमारे ६० हजारांची फौज बॉस्नियात उतरली. आज तीस वर्षांनंतरही युरोपीय संघाची छोटी तुकडी तिथे आहे. त्या देशाचं राजकारण अडकलेलं आहे, तीन जणांचं अध्यक्षमंडळ कशावर एकमत करत नाही, पण युद्ध परत पेटलेलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझासाठी शर्म-अल-शेखला अमेरिका, इजिप्त, कतार आणि तुर्कस्तान यांनी सह्या केल्या. लढणारे दोघेही त्या टेबलाशी नव्हते. मला तेव्हा सालबाईचीच दुसरी बाजू आठवली. नववं कलम म्हणतं की हैदरअलीने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत द्यावा, कैदी सोडावेत, आणि पेशव्यांनी त्याला ते करायला लावावं. हैदर तिथे नव्हता. तो मराठ्यांचा दोस्त म्हणून लढत होता, आणि त्याच्या वतीने दुसऱ्यांनीच कबुली दिली. नाना फडणविसांना हे पटलं नव्हतं. त्यांनी मंजुरी लांबवली, डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्याचा शिक्का उमटला. टिपूने अर्थातच लढाई चालू ठेवली. मंगळूरला मार्च १७८४ मध्ये त्याने इंग्रजांशी स्वतंत्र तह केला तेव्हा दक्षिणेतलं युद्ध संपलं. २९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये अमेरिकेने तालिबानशी करार केला. त्यात अफगाण सरकारच्या ताब्यातले पाच हजारांपर्यंत कैदी सोडायचे ठरले, आणि अफगाण सरकारच त्या करारात नव्हतं. कैदी सुटले, फौजा निघाल्या, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. गैरहजर माणसाच्या नावावर कर्ज काढायचं ही जुनी खोड आहे, आणि ती फेडतात त्या घरातल्या बायका-मुली. काबूलमधल्या मुलींची माध्यमिक शाळा आजही बंद आहे.

काकांशी माझा एकच मतभेद राहिला. त्यांच्या मते महादजींसारखा जामीनदार मिळाला की झालं. मला तिथेच तहाची कमजोरी दिसते. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. गादीवर आलेले दौलतराव पंधराच्या आसपासचे. १८०० मध्ये नाना गेले. जामीन एका माणसाचा होता, त्याच्यामागे कुठली संस्था नव्हती, म्हणून तो माणसाबरोबर संपला. १८०२ च्या अखेरीस पेशवे दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि पुढच्या वर्षी असई आणि लासवारीच्या लढाया झाल्या. काका म्हणाले, संस्था म्हणजे तुझी ती सुरक्षा परिषद ना? याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि अजून नाही. तरी बॉस्नियाकडे बोट दाखवावंसं वाटतं. तिथे सेनापती बदलले, देशोदेशींची सरकारं बदलली, आणि पहारा राहिला.

उलट उदाहरणही ग्वाल्हेरातच आहे. २९ डिसेंबर १८४३ ला, एकाच दिवशी, महाराजपूर आणि पनिहार या दोन्ही ठिकाणी शिंद्यांची फौज इंग्रजांकडून हरली. गादीवरचे जयाजीराव तेव्हा लहान होते. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची फौज नऊ हजारांवर आणली गेली, किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची दहा हजारांची ग्वाल्हेर कंटिंजेंट उभी राहिली, तीही ग्वाल्हेरच्या महसुलातून. इथे जामीनदार नव्हता, जेताच पहारेकरी होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात जर्मन सैन्यावर एक लाखाची मर्यादा घातली गेली, तिचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. इथे तेरा वर्षांनी, जून १८५७ मध्ये, तीच कंटिंजेंट इंग्रजांविरुद्ध उठली आणि तात्या टोप्यांबरोबर कानपूरवर चालून गेली.

शेवटच्या संध्याकाळी मावशीबरोबर फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला गेले. जवळच गंगादासांची शाळा, म्हणजे साधूंचा मठ, आहे. राणीच्या देहाचं रक्षण करताना तिथले ७४५ साधू पडले, असं मठात सांगतात. मावशी दर वर्षी जूनमध्ये इथे येते. तिने मला दामोदररावांबद्दल विचारलं, राणीच्या पाठीशी बांधलेल्या त्या दत्तक मुलाचं पुढे काय झालं. ते इंदूरला इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनीवर राहिले. झाशीचं राज्य, दत्तकाचा हक्क, यातलं काही त्यांना कधी मिळालं नाही. १९०६ मध्ये ते वारले. आणि १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत केला, तो झाशी शहराच्या बदल्यात. दामोदरराव जिवंत असताना त्यांच्या झाशीची अशी अदलाबदल झाली आणि त्यांना कुणी विचारलं नाही. मावशी म्हणाली, "मोठ्या माणसांचा इतिहास लिहितेस, हे पण लिही." म्हणून लिहिलं.

पुढे मला अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीला जायचं आहे. ३० डिसेंबर १८०३ ला तिथे दौलतरावांनी दिल्ली, आग्रा, दुआब, भडोच, नगर हे सगळं सोडलं. समोर होता आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून १८१५ च्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या परिषदेत ब्रिटनतर्फे बसला. तिथे हरलेल्या फ्रान्सलाही बोलणीच्या टेबलाशी जागा मिळाली होती. एकाच माणसाने दोन्हीकडे शांतता कशी वेगवेगळी पाहिली, हे मला शोधायचंय. अंजनगावात त्या तहाची जागा कुणी पाहिली असेल, गावात तिच्याबद्दल काय सांगतात हे माहीत असेल, तर जरूर कळवा.